बशीतली काजळी

हमीदभाई, तुम्हाला मातीत ठेवून परत आलो तेव्हा माझ्या हाताची माती वाळली नव्हती, आणि मोटारस्टँडजवळच्या हॉटेलात तुम्ही दारूवाले झाला होतात. हायस्कूलचा सायन्सचा मास्तर कापसाच्या जिनातल्या जुन्या बॉयलरच्या खोलीत हातभट्टी लावत होता, भट्टीच्या धुरानं मेला. झालं. दोन वाक्यांत मामला खलास. मी पत्रकात एक मागणी नीट मांडायला पान खर्ची घालतो तर लोक म्हणतात, गजाननानं लांबण लावली. हे मात्र सगळ्या वणीला एका दुपारात पाठ.

मी टेबलावर हात आपटला. "कोणी पाह्यली दारू? नाव सांगा!"

मालक कपबशा विसळता विसळता म्हणाला, "गजाभाऊ, चिडून कायले राह्यले? हवालदारानं साऱ्याईसमोर काडी लावून पाह्यली ना. जळली."

जळली. हो, जळली. जळावी म्हणूनच तर तुम्ही तीन हिवाळे त्या खोलीत काढलेत. हे मी त्याला कसं सांगू? मी सांगितलंसुद्धा, ओरडून सांगितलं. एक जण म्हणाला, "शिकलेल्या माणसाची भट्टीबी शिकलेलीच राहीन न बापा." आणि सगळे हसले. मी उठून बाहेर आलो. मोर्च्यात लाठीला न भ्यालेला माणूस मी, हसण्यापुढे पळालो.

आपली ओळख भांडणातूनच झाली होती, आठवतं? मी मुकुटबनच्या बाजारात पत्रक वाटत होतो. वणीच्या जमिनीतून कोळसा काढायचा, रेल्वेच्या वाघिणींत भरून दूर पाठवायचा, आणि पेट्रोल दुसऱ्या वाघिणींतून आमच्याकडे यायची वाट पाहायची. मथळा होता, "आमच्या कोळशातलं पेट्रोल आम्हाला काढून द्या!" तुम्ही सायकल थांबवून उभ्या उभ्या सगळं वाचलंत आणि मास्तरासारखा कागद परत केलात.

"कोळशात पेट्रोल नसते, नेते. ते बनवा लागते. आन् दुसरं, एवढी उद्गारचिन्हं? प्रेसवाल्याची खिळ्यांची पेटी रिकामी केली का?"

तेव्हापासून मी तुमच्यासाठी नेता. रागानं तुमच्यामागं आलो तो थेट वणीतल्या जिनाच्या आवारात. जिनाला डिझेलचं इंजिन आल्यापासून बॉयलरची खोली मोकळी पडली होती, आणि जिनाचा कारभार पाहणाऱ्या दिवाणजींचा मुलगा तुमच्या वर्गात होता म्हणून ती तुम्हाला मिळाली होती. आत एक भट्टी, काही नळ्या, भुशाची एक पेटी आणि पाण्याचा माठ. मला वाटलं, या माणसाचं डोकं फिरलेलं आहे. अजूनही माझं तेच मत आहे, पण आता त्याचा अर्थ वेगळा आहे.

तुम्ही मला समजावलंत ते मी तुमच्याच शब्दांत इथे लिहितो, कारण हे वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी तुमची खोली फक्त पोलिसांच्या मागून डोकावून पाहिली आहे. लालभडक कोळशावर पाण्याची वाफ सोडायची. दोघांच्या झटापटीतून एक गॅस निघतो. तो गॅस लोखंडाच्या गरम नळीतून न्यायचा. त्या नळीत पांढऱ्या मातीवर चढवलेलं कोबाल्ट भरलेलं. तिथे गॅसचे तुटलेले कण पुन्हा एकमेकांना धरतात, पण आता नव्या रीतीनं, आणि माठातल्या थंड पाण्यातून वळसा घेऊन बाहेर पडताना त्याचं तेल होतं. पेट्रोल, घासलेट, मेण, सगळं थोडंथोडं.

"आन् हे कोबाल्ट काय करते?" मी विचारलं होतं.

"हा उलटा जिन आहे. तुमचा जिन रुई आन् सरकी वेगळी करते, हा वेगळं झालेलं जोडते. पण रोलरसारखाच, स्वतः त्या मालात जात नाही."

तुमचे अब्बा लढाईच्या काळात पेट्रोल मिळेना तेव्हा वणी-चांदा रस्त्यावर कोळशाच्या गॅसवर लॉरी चालवायचे. मागे बांधलेली भट्टी, चढावर सगळ्यांनी उतरून ढकलायची गाडी. तुम्ही म्हणायचात, अब्बांना आयुष्यभर एकच दुःख, की कोळशाची भट्टी पाठीवर घेऊन फिरावं लागतं, कोळसा बाटलीत भरता येत नाही. तुम्ही तो बाटलीत भरायला बसला होतात.

आणि भरलात. बोटभर. पण भरलात.

त्याआधी वासाची भानगड झाली. आपल्या कोळशात गंधक. गॅस निघाला की सडक्या अंड्यासारखी घाण सुटायची, जिनातल्या बाया पदर नाकाला लावून जायच्या आणि म्हणायच्या, "गुरुजी, काय मेलं का आतमंदी?" तुम्हाला वासाचं काही नव्हतं, पण गंधक कोबाल्टला जहर आहे, ते नळीत गेलं की सगळी मेहनत बाद. म्हणून तुम्ही ती पेटी केलीत. लाकडाचा भुसा आणि लोखंडाचा गंज ओला कालवून भरलेला, गॅस त्यातून गाळून घ्यायचा. कितीदा भरली, कितीदा उपसून टाकली. आणि एका सकाळी तुम्ही मला हात धरून आत नेलंत.

"वास घे."

"काहीच येत नाही."

"काहीच?"

"काहीच नाही, हमीदभाई."

तुम्ही मला मिठी मारलीत. मग जिलेबी मागवलीत, सरकी निवडणाऱ्या बायांपासून दिवाणजींपर्यंत सगळ्यांना दिलीत. आणि जिलेबी खाता खाता, बोट चाटत, अगदी सहज म्हणालात, "आता हा जास्त डेंजर झाला, नेते. आता हा सांगून येणार नाई."

आता माझ्या कानात हेच वाक्य फिरतं. आत शिरणाऱ्या मरणाला हाक मारणारा एकच रखवालदार होता, तो वास. कोबाल्टला सोसत नाही म्हणून आपण त्याला हाकलून दिलं आणि वर जिलेबी खाल्ली.

तुम्हाला माहीत होतं. म्हणून तर तुमचा नियम होता. काम चालू असेपर्यंत मागची खिडकी सताड उघडी. उरलेला गॅस नेणाऱ्या नळीचं तोंड खिडकीबाहेर, आणि त्या तोंडाशी निळी ज्योत पेटलेली, म्हणजे जो गॅस वाया जातो तो जळून जातो. मी त्या ज्योतीवर बिडी पेटवायचो, तुम्ही हातावर चापट मारायचात.

मग कापसाचा हंगाम आला. गाड्या यायला लागल्या, आवारात गंजी लागायला लागल्या. दिवाणजी स्वतः येऊन म्हणाले, "गुरुजी, इस्तू दिसला नाही पाहिजे. एक ठिणगी आन् लोकाईचं वर्ष गेलं समजा." यात काय चूक होतं? मी भांडायला उभा राहिलो तर तुम्ही मलाच गप्प केलंत. ज्योत विझली. नळीचं तोंड तसंच खिडकीबाहेर राहिलं. आणि जिनाची जुनीच रीत, की गंजी जवळ आली की त्या बाजूच्या दारा-खिडक्यांवर ओल्या जाड कापडाचं पाल सोडायचं. वणीत, दारव्ह्यात, जिथे जिथे जिन आहे तिथे हेच करतात. ठिणगी ओल्या पालाला लागून विझते. सगळ्यांना आग माहीत आहे. आग दिसते.

तुम्ही गेलात त्या दिवशी मी दारव्ह्याच्या बाजारात होतो. तिकडच्या लोकांना वणीच्या कोळशाशी काय देणंघेणं, पण मी गळा फाडून ओरडत होतो. मोटारीच्या ड्रायव्हरनं सांगितलं तेव्हा मला वाटलं आग लागली. मी त्याला विचारलं, "जळले का हो फार?" तो म्हणाला, "नाई, कुठं डाग नाई."

डाग नव्हता. तुमचा चेहरा गुलाबी होता, हमीदभाई, नुकतं उन्हातून आल्यासारखा. दवाखान्यातून आलेल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की या गॅसनं रक्तच असं लाल होतं. पण ते फक्त मला सांगितलं. बाहेर लोकांनी तोंड पाहिलं आणि म्हणाले, प्यायलेला दिसतो.

आणि मग ती बशी. खोलीत तांब्याची वेटोळी नळी, माठ, नळीखाली बाटली. दारूबंदी आल्यापासून असा देखावा एकाच कामाचा असतो, हे हवालदारानं पाहता क्षणीच ठरवलं. मी म्हटलं, "हवालदारसाहेब, वास घ्या, घासलेटाचा आहे." तो म्हणाला, "आजकाल त्यात काय काय टाकतात." मग जे हातभट्टी पकडल्यावर करतात तेच केलं. चहाची बशी मागवली, तुमची बाटली त्यात उपडी केली आणि काडी लावली. तीन हिवाळ्यांचं काम. एवढंसं. भप्पकन पेटलं.

"पाहा," तो लोकांकडे वळून म्हणाला. "कडक माल."

मी त्याच्या हाताला धरलं. "ज्योत पाहा! पिवळी आहे! धूर पाहा! दारू अशी जळते का? दारूला काजळी येते का?"

"नाई येत," मागून कोणीतरी म्हणालं. "पण हे कोळशाची दारू आहे ना, येणारच."

आवारभर हशा. तुम्ही तिथेच खाटेवर, चादरीखाली. जन्मभर मी लोकांना सांगत आलो की पुरावा दाखवा, पुराव्यापुढं कोणाचं चालत नाही. तुमचा पुरावा माझ्यासमोर जळत होता, स्वतःच ओरडून सांगत होता की मी तेल आहे, मी वणीच्या कोळशाचं तेल आहे, आणि तोच तुमच्याविरुद्धचा पुरावा झाला. विझल्यावर बशीत काजळी उरली. मी ती बशी खिशातल्या पत्रकांत गुंडाळून आणली. तुमच्या घरी भाभींनी ती फळीवर ठेवली आहे. कोणाला हात लावू देत नाहीत.

तर मी पत्रक लिहायला बसलो. मला दुसरं येतं काय? मथळा तयार होता, "हमीद मास्तरांचा खून कोणी केला?!" तुम्ही असता तर पहिलं उद्गारचिन्ह खोडलं असतंत, मग 'खून' खोडलं असतं, आणि मग आपलं नेहमीचं भांडण सुरू झालं असतं. नावाचं. मी म्हणायचो, गुन्हेगाराचं नाव छापल्याशिवाय पत्रकाला धार येत नाही. तुम्ही माझ्या कच्च्या कागदावरची नावं एकेक करून काट मारायचात. "काय चुकलं ते लिही. नाव कायले टाकते? नाव टाकलं की लोक माणसाले मारते आन् चूक तशीच राह्यते." मी म्हणायचो, हा भित्रेपणा आहे. तुम्ही म्हणायचात, "असन." हे भांडण आपण संपवलं नाही.

नाव शोधायला फार लांब जावं लागलं नाही. ते स्वतःच चालत आलं. कबरस्तानाच्या भिंतीबाहेर जिनातला एक माणूस उभा होता, आत यायला धजत नव्हता. सगळे गेल्यावर त्यानं मला गाठलं.

"भाऊ, खिडकीवर पाल मी सोडलं."

मी त्याला भिंतीच्या कडेला घेतलं.

"दिवाणजीचा हुकूम होता, त्या बाजूनं गंजी लागून राह्यलती. मी बाहेरून आवाज देल्ला, गुरुजी, पाल सोडू का? आतून म्हणे, आज मस्त थेंब पडून राह्यले, सोड, पण लवकर उचलजो. मी म्हटलं, हो जी. मंग गाड्यावर गाड्या आल्या. खाली करता करता मले ध्यानच नाई राह्यलं." तो भिंतीचे पोपडे नखानं काढत होता. "त्याले वास राह्यला असता त मले समजलं असतं ना, भाऊ?"

नळीचं तोंड पालाच्या आत होतं. बाहेर जायचं ते सगळं परत आत.

हमीदभाई, का हो म्हणालात? सगळ्या वणीत एकाच माणसाला ठाऊक होतं की त्या खिडकीवर काही सोडायचं नसतं. दुसरा कोणी आत असता तर तुम्ही ते सोडू दिलं नसतंत. मी सोडलं असतं तर कानाखाली वाजवली असती. थेंब पडत होते म्हणून? मी तुमच्यावर किती रागावलो आहे हे कोणाला सांगता येत नाही, कारण मेलेल्या माणसावर रागवायची रीत नाही. मला हवालदारावर रागवता येतं, हॉटेलवाल्यावर येतं, सरकारवर तर रोजच येतं. पण ज्यांच्यामुळे तुम्ही गेलात त्यांत एक ठिणगीला भ्यालेले दिवाणजी, एक हुकूम पाळणारा गरीब माणूस आणि एक तुम्ही. यांतल्या कोणाविरुद्ध मी मोर्चा काढू? कोणाच्या दारात धरणं धरू?

भाभींना सांगितलं. पडद्याआडून त्या म्हणाल्या, "बच्चे स्कूल से आ के रोते, भाऊ. लडके बोलते, तेरा बाप भट्टीवाला. तुम लिखो. लिखनाच पडेगा."

"लिहितो, भाभी. पण खरं लिहायचं तर पाल कोणी सोडलं ते येईल. पोलीस त्याला नेतील."

"तो उस का नाम नक्को."

"नावाशिवाय लोक मानणार नाहीत. म्हणतील, मास्तरला वाचवायला गोष्ट रचली."

"भाऊ, उनों हर बार तुमारे कागद पर से नाम काटते थे ना? घर आ के हँसते थे, आज नेते के कितने आदमी बचाया मैं, बोल के. अब मैं कैसे बोलूँ, डालो?"

मला हे ठाऊक नव्हतं. तुम्ही घरी जाऊन हसायचात हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी तर समजत होतो की तुम्ही माझं पत्रक मवाळ करता. माणसं वाचवता हे कधी बोललाच नाहीत.

काल प्रेसमध्ये मजकूर जुळवायला दिला. जुळाऱ्यानं शिशाचे अक्षरखिळे लावले आणि एका जागी थांबून विचारलं, "इथं नाव येते का?" मी म्हटलं, थांब. तेवढ्यात तो माणूस दारात. कोणीतरी त्याला सांगितलं असणार की गजाभाऊ मास्तरचं पत्रक काढतो आहे. आत येऊन तो जमिनीवरच बसला.

"भाऊ, माहं नाव टाका."

"तुला कळतं का काय म्हणतो ते? आत टाकतील."

"टाकू द्या. मी सोडलं म्हणा. मंग लोकाईले पटन का गुरुजी दारू काढत नव्हते. तेवढं तरी होईन." आणि त्यानं नाव सांगायला सुरुवात केली. स्वतःचं, बापाचं, मग गावाचं, कचेरीत सांगतात तसं, नीट, जुळाऱ्याला ऐकू जाईल असं. जुळारी माझ्याकडे पाहायला लागला. त्याचा हात खिळ्यांच्या घरावर होता.

असं कधी झालं नव्हतं. मी नावं हुडकून काढली आहेत, दडवलेली नावं चव्हाट्यावर आणली आहेत, त्यासाठी मार खाल्ला आहे. एखादा माणूस येऊन आपलं नाव माझ्या पुढ्यात ठेवून म्हणतो, घ्या, हे वापरा, आणि मला ते उचलताच येत नाही. ते टाकलं तर तुमची पोरं शाळेत मान वर करून जातील, आणि त्याची पोरं मान खाली घालतील. न टाकलं तर हे सगळं माझ्यासारख्या एका बडबड्याचं म्हणणं. तराजू नाही माझ्याजवळ. तुमच्याजवळ होता की नाही कोणास ठाऊक, पण तुमच्याजवळ लाल पेन्सिल तरी होती.

मी जुळाऱ्याला म्हटलं, "पुढं चल. नाव नाही."

तो माणूस उठेना. म्हणाला, "मंग काय लेहून राह्यले त्यात? वाचून दाखवा." मी वाचलं. की वणीच्या हायस्कूलचे मास्तर हमीदभाई आपल्या मातीच्या कोळशापासून तेल करत होते, आणि ते झालं होतं. की त्यांनी दारू कधी चाखली नाही. की धुवून काढलेल्या या गॅसला वास नसतो, रंग नसतो, तो सांगून येत नाही. जिथे कोळशाची भट्टी आहे तिथे हंगाम असो नसो, एक खिडकी कोणाच्याही हुकमानं झाकू नका. बस. कोणाचा निषेध नाही, कोणाकडे मागणी नाही.

त्यानं सगळं ऐकलं. "वास नसते," तो हळूच म्हणाला, पाठ करत असल्यासारखा. "हे पह्यले कोणी सांगतलं असतं त." मग उठता उठता, "हे जिनात मी लावतो, भाऊ. खिडकीपाशी. मले वाचता येत नाई, पण कोणी विचारलं त सांगता येईन."

त्यानं पत्रकं नेली. हॉटेलातही गेली असतील. तिथे काय बोलले असतील ते मला माहीत आहे, मी जाऊन ऐकलं नाही. तुमची पोरं आजही रडत घरी आली, भाभींनी सांगितलं. कोळसा आजही वाघिणींत भरून गेला. काही बदललं नाही, हमीदभाई, आणि काय केल्यानं बदललं असतं ते मला सुचत नाही.

आपलं भांडण तुम्ही जिंकलात. एक आख्खं पत्रक काढलं, त्यात एकही नाव नाही तुमच्याशिवाय, आणि उद्गारचिन्ह एकही नाही. हे ऐकायला तरी बसायचं होतं. घरी जाऊन हसायला तरी.